आपलं सोयाबीन जंगल तोडून आलेलं नाही, पण हे लिहून कोण देणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर ब्राझीलच्या सोयाबीनची आणि तिथल्या जंगलतोडीची बातमी होती. छोटीच होती पण आमच्या काट्यावर ती चांगली गाजली. एकजण म्हणाला, ते ब्राझीलचं आपल्याला काय करायचंय, आपलं सोयाबीन हमीभावाला टेकंना ते छापा म्हणावं. आता गंमत अशी आहे की ह्या दोन बातम्या वेगळ्या नाहीतच, एकाच मालाच्या दोन बाजू आहेत आणि तेच सांगायला हे पत्र लिहितोय. लांबलंय जरा, कात्री लावायची तर लावा पण आकड्यांना लावू नका.

मी पलूस तालुक्यातला. कृष्णाकाठची थोडी काळी रानं आहेत, ऊस निघाला की खोडवा, मग सोयाबीनचा बेवड, म्हणजे पुढच्या उसासाठी रान सुधारायला मधे घेतलेलं पीक, आणि परत ऊस, असं आमच्याकडं सगळ्यांचंच चालतं. शिवाय गावात माझा काटा आहे, म्हणजे सीझनला गावातलं आणि आसपासच्या वस्त्यांवरचं सोयाबीन घ्यायचं, चाळायचं, बारदानात भरायचं आणि गाडी झाली की मिलला नाहीतर सांगलीला पाठवायचं. काटेवाला म्हटलं की लोक आधीच संशयानं बघतात, बघू देत, पण मी जे सांगणार आहे ते काट्यावर बसलेल्या माणसालाच नीट दिसतं.

दसऱ्याच्या पुढंमागं मळण्या सुरू झाल्या की दिवसभर ट्रॉल्या येतात. आधी मी पोत्यात हात घालून तळातलं मूठभर काढतो कारण वरचं नेहमी वाळलेलं असतं, एक दाणा दाताखाली धरतो, कट्ट वाजला तर काम झालं आणि दबला तर ओल मोजायचा मीटर काढायचा. मीटरच्या कपात दाणे भरायचे, झाकण पिळून घट्ट करायचं आणि आकडा यायची वाट बघायची. शेतकरी त्या वेळी मीटरकडं बघत नाही, माझ्या तोंडाकडं बघतो. ओल १२ पॉइंटच्या, म्हणजे १२ टक्क्यांच्या, वर गेली की कटती, म्हणजे तेवढं कापून घ्यायचं. परतीचा पाऊस लागला की १६-१७ सहज लागतो, मग काडीकचरा, माती, डागी दाणा ह्याची वेगळी बोलाचाली. हे सगळं ठरलं की पोती ढिगावर रिकामी होतात. एकदा ढिगावर ओतलं की विषय संपला. कोण नदीकाठचा, कोण माळावरचा, कुणी दोन फवारे मारले, कुणी पाच मारले, सगळं एक होतं. संध्याकाळी त्या ढिगातलं एक पोतं दाखवून कुणी विचारलं की हे कुठल्या गटनंबरातलं तर ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

जगभर सोयाबीनचं हेच होतं फक्त ढीग मोठा असतो. ब्राझीलमध्ये शेतातून सायलोत म्हणजे धान्याच्या उंच टाकीत, सायलोतून ट्रकनं बंदरावर, बंदरातून जहाजाच्या पोटात. जंगल तोडून पिकवलेलं आणि पन्नास वर्षं नांगरलेल्या रानातलं सगळं एकत्र. म्हणूनच हा प्रश्न सुटता सुटत नाही. चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे ढिगात कळत नाही, आणि कळत नाही म्हणून चांगल्याला जास्त भाव द्यायला कुणी बांधील नाही.

ब्राझीलबद्दल आपल्याकडं लोक फार सोपं करून बोलतात, की अमेझॉन तोडलं आणि सोयाबीन पेरलं. तसं सरळ नाही ते. सोयाबीन मूळचं चीनकडचं पीक, उष्ण भागात नीट येतच नव्हतं. १९७३ ला तिथं एम्ब्रापा नावाची सरकारी शेती संशोधन संस्था निघाली, त्यांनी उष्ण भागात येणाऱ्या जाती काढल्या, सेराडो नावाच्या मोठ्या माळरानाची आंबट माती चुना टाकून टाकून ताळ्यावर आणली आणि योहाना डोबेराइनर म्हणून एक शास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांनी मुळावरच्या गाठीतल्या जिवाणूंचं काम एवढं नेटानं लावून धरलं की आज तिथं सोयाबीनला नत्राचं खत जवळजवळ टाकतच नाहीत. आपल्याकडं रायझोबियमचं, म्हणजे त्याच जिवाणूंचं, पाकीट बियाण्याबरोबर हातात दिलं तरी ते खिडकीत वाळत पडतं आणि पेरणीनंतर आपण युरियाचं पोतं घेऊन रानात. असो. तर त्या मेहनतीच्या जोरावर आज ब्राझील वर्षाला दीड हजार लाख टनांच्या पुढं सोयाबीन काढतो, जगात एक नंबर, अमेरिका दोन नंबरला. आपला अख्खा देश १२०-१३० लाख टनांत. त्यांची सरासरी एकरी १४ क्विंटलच्या आसपास आणि आपल्या देशाची ४. आमच्या कृष्णाकाठाला चांगल्या वर्षी १२-१५ पडतं पण देश म्हणजे कृष्णाकाठ नव्हे.

आता ह्यात बिघडलं कुठं? तर सेराडोत. सेराडो म्हणजे दाट जंगल नाही, झुडपं, गवत, वाकडीतिकडी झाडं, फोटोत बघितलं तर कुणालाही वाटेल पडीक रान आहे, नांगरलं तर काय बिघडलं. पण त्या झाडांची मुळं खोल जातात, पावसाळ्याचं पाणी धरून ठेवतात. साओ फ्रान्सिस्को, टोकान्टिन्स, पराना असल्या मोठ्या नद्यांना पाणी तिथून मिळतं. महाबळेश्वरच्या डोक्यावरची सगळी झाडं काढून तिथं कुणी सोयाबीन पेरलं तर खाली आमच्या कृष्णेचं काय होईल, तसला प्रकार आहे तो. आणि कायद्याची मजा बघा, ब्राझीलच्या कायद्यात खाजगी मालकाला अमेझॉनच्या जंगलात ८० टक्के रान राखून ठेवायला लागतं पण सेराडोत बहुतेक ठिकाणी फक्त २० टक्के, अमेझॉनच्या सरकारी हद्दीत येणाऱ्या सेराडोत ३५. म्हणजे तिथं रान तोडणारा बऱ्याचदा चोर नसतोच, रीतसर परवाना घेऊन तोडतो. ‘बेकायदा जंगलतोड बंद करा’ एवढंच म्हणून ह्यातलं निम्मं पण थांबत नाही.

अमेझॉनमध्ये मात्र एक गोष्ट खरंच चालली होती. २००६ ला ग्रीनपीस ह्या पर्यावरणवाल्या संघटनेनं बोंबाबोंब केल्यावर तिथल्या मोठ्या व्यापाऱ्यांनी आणि निर्यातदारांनी मिळून ठरवलं की ठरलेल्या तारखेनंतर जंगल तोडून केलेल्या रानातलं सोयाबीन घ्यायचं नाही. ती तारीख पुढं २००८ च्या जुलैवर नेली. उपग्रहावरून बघायचं आणि त्या शेतकऱ्याचा माल नाकारायचा, एवढा साधा कारभार. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत अमेझॉनात सोयाबीनचं जे नवीन क्षेत्र वाढलं त्यातलं ३० टक्क्यांच्या आसपास थेट जंगल तोडून होतं, २०१४ पर्यंत ते १ टक्क्यावर आलं. मी व्यापारातला माणूस आहे, मला ह्याचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. हे सरकारच्या दंडुक्यानं झालं नाही, खरेदीवाल्यानं ‘घेत नाही’ म्हटल्यावर झालं. मिलवाल्यानं एकदा डागी माल परत पाठवला की पुढच्या खेपेला आमचा प्रत्येक शेतकरी आपोआप चाळून आणतो, त्याला भाषण द्यायला लागत नाही.

अर्थात पळवाटा होत्याच. जंगल आधी गुरांच्या चराईसाठी तोडायचं, काही वर्षं कुरण ठेवायचं, मग ते सोयाबीनवाल्याला द्यायचं आणि गुरंवाला पैसे घेऊन आणखी आत सरकणार. कागदावर सोयाबीन स्वच्छ. शिवाय अमेझॉनात दार बंद झालं तसा सेराडोवरचा जोर वाढला. आणि आता तर तो करारच खिळखिळा झालाय. माटो ग्रोसो हे तिथलं सगळ्यात मोठं सोयाबीनचं राज्य, त्यांनी कायदा केला की सरकारी कायद्याच्या पलीकडं जाऊन असली बंधनं पाळणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घ्यायच्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या स्पर्धा आयोगानं, व्यापाऱ्यांनी संगनमत केलंय असं म्हणत तो करार थांबवायचा आदेश दिला, मग कोर्टकचेऱ्या लागल्या. तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं की कायद्यानं मला परवानगी आहे तर युरोपातल्या दुकानदाराला खूश करायला मी माझं रान का पडीक ठेवू. हे म्हणणं एकदम मोडीत काढण्यासारखं नाही. रान राखल्याचे पैसे त्याला कोण देणार ह्याचं उत्तर कुणीच देत नाही.

आता हे सगळं सोयाबीन जातं कुठं? आपल्याला वाटतं तेलासाठी पिकवतात. १०० किलो सोयाबीन गाळलं की १८ किलोच्या आसपास तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात. जगातलं तीन चतुर्थांश सोयाबीन शेवटी कोंबड्या, डुकरं, गुरं, मासे ह्यांच्या पोटात जातं. जगाच्या बाजारात जेवढं सोयाबीन विकायला येतं त्यातलं साधारण ६० टक्के एकटा चीन घेतो, त्याच्या डुकरं-कोंबड्यांना. त्यामुळं चीन कुणाकडून घेतो ह्यावर ब्राझीलमधलं किती रान नांगराखाली जाणार ते ठरतं. २०१८ ला अमेरिका-चीन भांडण झालं, चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला आणि सगळी गिऱ्हाइकी ब्राझीलकडं वळली. २०२५ ला परत तेच, मेपासून काही महिने अमेरिकेकडून खरेदी जवळजवळ बंदच आणि ऑक्टोबरच्या शेवटी समझोता. भांडण त्यांचं आणि झाडं पडणार तिसरीकडं. जंगल वाचवायच्या परिषदा भरतात त्यात ह्या टॅरिफचं कुणी बोलतं का मला माहीत नाही, पण बोलायला पाहिजे.

आणि ह्या सगळ्यात पलूसचा शेतकरी कुठं येतो? तर शेवटच्या टोकाला, जिथं सगळा मार बसतो. शिकागोच्या बाजारात सोयाबीन बुशेलवर चालतं, बुशेल म्हणजे २७ किलोच्या वर थोडं. बुशेलला १० डॉलर धरले तर क्विंटलला ३६-३७ डॉलर पडतात, म्हणजे आपल्या पैशात तीन हजार दोन-तीनशे. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५३२८. ही जी मधली दरी आहे ती आयात शुल्काच्या भिंतीनं धरून ठेवायची असते आणि ती भिंत दिल्लीत वर-खाली होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, सेस धरून साडेसत्तावीस. बरं वाटलं. तरी त्या सीझनला ४८९२ हमीभाव असताना बाजारात चार-सव्वाचार हजारानं विकायला लागलं. मग २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे आम्ही पेरणीसाठी बियाणं आणून ठेवलेलं, तेव्हाच ते मूळ शुल्क १० वर आणलं, एकूण साडेसोळा. पेरायच्या तोंडावर. २०२४-२५ च्या तेल वर्षात आपल्या देशात सोयातेल ५० लाख टनांच्या वर आलं, मुख्य अर्जेंटिना आणि ब्राझीलचं. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनानं दोन-तीन दिवस निर्यात कर शून्य केला तर चीन तिकडं धावला आणि आपले आयातदार पण धावले. स्वस्त मिळालं तर कोण सोडतो, मी पण सोडलं नसतं.

२०२१ चं तर आमच्याकडं अजून लोक काढतात. त्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारावर गेलं. तेव्हा बहुतेकांच्या घरात सोयाबीन नव्हतं, ज्यांचं होतं त्यांनी मिशा पिळल्या. पोल्ट्रीवाल्यांची पेंडेच्या भावानं कंबर मोडली, त्यांचं पण खोटं नव्हतं, आमच्याच भागात शेड रिकामी पडलेली मी बघितलीत. मग ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. नवीन माल बाजारात यायच्या तोंडावर भाव धाडकन खाली. इथं मला एक विचारायचंय. आपल्या देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही, ठीक आहे. जीएम सोयाबीनचं तेल आणायला २००७ पासून परवानगी आहे, ते पण ठीक धरू. मग पेंड पण आणली. म्हणजे शेतकऱ्यानं ते पेरायचं नाही पण स्पर्धा मात्र त्याच मालाशी करायची. मी जीएमच्या बाजूचा नाही आणि विरोधातला पण नाही, पण जे आपण पेरत नाही त्याचा फायदा तरी आपल्याला मिळाला पाहिजे का नको?

फायदा होऊ शकतो तो युरोपात. तिथं जीएम नसलेल्या पेंडेला गिऱ्हाईक आहे, जर्मनी, फ्रान्सकडं आपली पेंड जाते. आणि युरोपानं २०२३ ला कायदा केलाय की गुरं, कोको, कॉफी, पाम, रबर, सोयाबीन आणि लाकूड ह्या सात गोष्टी ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीतल्या असतील तर युरोपात विकायच्या नाहीत. पेंड पण त्यात आली. नुसतं सांगून चालत नाही, माल कुठल्या रानातला त्याचं अक्षांश-रेखांश द्यायचं. मोठं रान असेल तर पूर्ण हद्द आणि ४ हेक्टरच्या आतलं असेल तर एक ठिपका पुरतो. हा कायदा दोनदा पुढं ढकललाय, आता २०२६ च्या डिसेंबरवर गेलाय आणि तोवर त्यात आणखी किती भोकं पडतील सांगता येत नाही. शिवाय सेराडोचं बरंचसं रान त्यांच्या ‘जंगल’ ह्या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे जिथं खरं जास्त तुटतंय तिथं कायदा डोळे मिटणार. युरोपाच्या शहाणपणावर माझा काही फार विश्वास नाही, स्वतःची जंगलं कधीच तोडून बसलेत. पण गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक मागतं ते द्यायला लागतं.

आता आपल्याकडं बघा. आमच्या भागात चार हेक्टर म्हणजे दहा एकर, एवढं एका ठिकाणी सोयाबीन कुणाचंय? बहुतेकांचं एक-दोन एकर. सगळ्यांना एक ठिपका पुरतो. आणि तो ठिपका आपण आधीच टाकतोय. २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप आहे, शेतकरी स्वतः गटात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, त्यात जागा नोंद होते, ती सातबाऱ्यावर चढते. हमीभावानं विकायचं तर ती नोंद लागतेच. (रेंज नसते, सर्व्हर बंद असतो, शेवटच्या तारखेला सगळं गाव बांधावर मोबाईल वर करून उभं असतं, ते वेगळं.) युरोपानं २०२५ च्या मे मध्ये देशांची यादी केली त्यात भारत कमी धोक्याच्या देशांत आहे आणि ब्राझील मधल्या गटात. म्हणजे पणज्याच्या काळापासून नांगरलेली जमीन, जीएम नसलेलं बियाणं, गटनिहाय नोंद, कमी धोक्याचा शिक्का, सगळं हातात आहे. आणि हे सगळं माझ्या काट्यावर ढिगात ओतून आपण मातीमोल करतो. माझ्या पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या बिलावर, नाव, वजन, कटती, भाव असतो, गटनंबर नसतो. बाजार समितीच्या पट्टीवर पण नसतो. मिलमध्ये गाडी जाते तेव्हा माझं नाव असतं, शेतकऱ्याचं पण नसतं.

पण आपलं सगळं सोवळ्यातलं आहे असं मी म्हणणार नाही, नाहीतर उद्या कुणीतरी दाखवून देईल. जंगल तोडलं नाही एवढं खरं. बाकी? आमच्या भागात पूर्वी खरिपाला भुईमूग, मूग, उडीद, मटकी असायचं, गावोगाव शेंगतेलाचे घाणे होते. आता खरीप म्हणजे सोयाबीन नाहीतर ऊस. भुईमूग काढायला माणसं मिळत नाहीत, रानडुकरं येतात, सोयाबीनला मशीन आलं की एका दिवसात रान मोकळं, त्यामुळं शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण घाणे गेले आणि आपण पिशवीतल्या तेलावर आलो हे झालंच. तणनाशकं, कीटकनाशकं टाकीत चार-चार औषधं एकत्र करून मारतात, दुकानदार सांगेल ते. उसाला बेसुमार पाणी देऊन नदीकाठची रानं क्षारपड झालीत, त्यात सोयाबीन पिवळं पडून उभं राहतं. सोयाबीनचा बेवड उसाला चांगला, पाला रानात पडतो, नत्र मिळतं, म्हणून तर करतो आपण, पण भुसकट पेटवणारे अजून आहेतच.

आणि तांबेरा. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूरच्या दमट पट्ट्यात हा रोग किती नुकसान करतो ते विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना सांगून पटत नाही. पानाच्या खालून तांबूस पावडर आली की आठ-पंधरा दिवसांत रान वाळल्यासारखं होतं आणि शेंगा फुसक्या. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं ह्यावर काम केलं म्हणून आपण वाचलो. फुले संगम म्हणजे केडीएस ७२६, फुले किमया म्हणजे ७५३, ह्यातलं ‘केडीएस’ तिथलंच आहे आणि आज हे वाण महाराष्ट्रभर आणि बाहेर पण पेरतात. आपल्या जिल्ह्यात ह्याचं कौतुक फार कमी आहे, एक चांगला लेख येऊ द्या तुमच्या पेपरात. ब्राझीलमध्ये हाच रोग २००१ ला पोचला आणि त्यांनी काय केलं, तर राज्याराज्यात कायदा केला की वर्षातले दोन-तीन महिने रानात सोयाबीनचं एकही हिरवं झाड दिसता कामा नये, बांधावर आपोआप उगवलेलं पण उपटायचं, नाहीतर दंड. रोगाला राहायला जागाच ठेवायची नाही. आपण उलट बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन वाढवलं. बियाण्याचा तुटवडा होता, कारण समजतं, पण आमच्या दमट पट्ट्यात बारमाही सोयाबीन उभं ठेवणं हे मला तरी धोक्याचं वाटतं. शास्त्रज्ञांनी ह्यावर स्पष्ट बोलावं. ब्राझीलला जंगलासाठी नावं ठेवायची तर ठेवा, पण शिस्त घेण्यासारखी आहे.

कागदाचं पण एक सांगतो. ‘आमचं चांगलं आहे’ एवढा शिक्का मारून भागत नाही. ऑर्गेनिकच्या वेळी काय झालं? २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेनं आपल्या अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, देखरेखीखालची ऑर्गेनिक सर्टिफिकिटं तशीच मानून घ्यायची बंद केली, तपासणीवर विश्वास नाही म्हणून. मग २०२२ ला आपल्या ऑर्गेनिक सोया पेंडेवर भलंमोठं जादा शुल्क लावलं, ते कारण वेगळं होतं, पण धंदा बसला तो बसलाच. ज्यांनी खरोखर बिनफवाऱ्याचं पिकवलं ते पण त्यात गेले. म्हणून नोंद गटापासून पाहिजे, मधल्या माणसाच्या सहीवर नको. मधला माणूस मीच आहे आणि मीच सांगतोय.

तर माझं म्हणणं असं आहे. तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी कंपनीनं किंवा बाजार समितीनं एका सीझनला एक वेगळा ढीग करून बघावा. ज्याची ई-पीक पाहणी झालीय, वाण माहीत आहे, त्याचाच माल त्या ढिगावर. पट्टीवर गटनंबर छापायचा, पोत्याला शिलाई मारताना चिठ्ठी घालायची. त्याला वेगळं गोडाऊन लागेल, हमाली वाढेल, आणि सुरुवातीला मिलवाला म्हणेल ह्याचे जादा पैसे देणार नाही. खरंय, तो देणार नाही, जोवर पुढं युरोपातला घेणारा ठरलेला नाही तोवर तो कशाला देईल? म्हणून मी एकट्यानं वेगळा ढीग लावला तर माझंच दिवाळं निघेल. पहिल्या दोन-तीन वर्षांचा फरक सरकारनं सोसावा. तेलबिया वाढवायला २०२४ ला केंद्रानं दहा हजार कोटींच्या वरचं मिशन मंजूर केलंय, त्यातला चिमूटभर पैसा ह्या कामाला पुरेल. नाहीतर त्या पैशाचं काय होतं, बियाण्याची मिनीकिट आणि फोटोसह बॅनर.

दुसरं, आपण स्वतः काय विचारतो? युरोप विचारतो की तुझं सोयाबीन कुठल्या रानातलं. आपण जगात सगळ्यात जास्त खाद्यतेल आयात करणारा देश, गरजेतलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, आणि विचारतो फक्त भाव काय. किराणा दुकानातली तेलाची पिशवी हातात घेऊन बघा, प्रोटीन किती, व्हिटॅमिन किती, सूर्यफुलाचं चित्र, सगळं असतं, पण तेल अर्जेंटिनाचं का ब्राझीलचं का आपलं ते नसतं. बाहेरून कच्चं आणून इथं रिफाइन केलं की ते इथलंच होऊन जातं. माझी मागणी साधी आहे, पिशवीवर मूळ देश छापा. कुणाला स्वस्त म्हणून अर्जेंटिनाचं घ्यायचंय त्यानं ते घ्यावं, गरिबाच्या फोडणीवर मला भाव चढवायचा नाही. पण ज्याला आपल्या शेतकऱ्याचं, जंगल न तोडता आलेलं घ्यायचंय त्याला ते ओळखता तरी येऊ दे.

आणि तिसरं तुमच्यासाठी. तुम्ही रोज सांगली मार्केट यार्डाचा हळद, बेदाणा, गूळ, सोयाबीनचा भाव छापता. त्याच्या खाली एका ओळीत त्या दिवशीचा शिकागोचा भाव रुपये-क्विंटलमध्ये आणि खाद्यतेलावरचं चालू आयात शुल्क छापता येईल का? जागा फार लागणार नाही. काट्यावर रोज भांडण होतं की भाव पाडला कुणी, आणि सगळी बोटं माझ्याकडं असतात. कधीकधी खरं पण असतं ते, सगळे काटेवाले काही संत नाहीत. पण ज्या दिवशी शुल्क उतरलेलं असतं त्या दिवशी तरी ते पेपरातच दिसू दे.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक आणि काटेवाला,
ता. पलूस, जि. सांगली